ख्रिस्ती देवळातील मराठी भजन

स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळातील भगिनींनी सांगितले तेव्हा मी 'ख्रिस्ती उपासना' हा विषय सुचविला आणि एकदोघी जरा चमकल्या. त्यांचेही खरेच आहे. नाताळ आला की शेजारच्या ख्रिस्ती घरातून केक-करंज्यांचे ताट आपल्याकडे येते, त्यांच्या दारावर चांदणी लागते, एवढाच आपला परिचय. पण रविवारी सकाळी ही मंडळी देवळात जातात ती तेथे तास दीड तास काय करतात, काय म्हणतात आणि कोणत्या भाषेत म्हणतात, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. मराठीची शिक्षिका या नात्याने माझा या विषयाशी संबंध आला तो रेव्हरंड टिळकांच्या कवितांमुळे. पुढे ख्रिस्तपुराण वाचले, 'स्मृतिचित्रे' पुनःपुन्हा वाचली, आणि हळूहळू असे दिसू लागले की ही हकिकत जितकी धर्माची आहे तितकीच आपल्या ओवीची आणि अभंगाची आहे. आपल्या मंडळात भजनी वर्ग जोरात चालतो. तेव्हा हा विषय आपल्याला परका वाटू नये.

आरंभ ख्रिस्ती देवळापासून न करता आपल्या गावातल्याच एका वास्तूपासून करते. पनवेलचे 'बेथ एल' हे बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर 1849 सालचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, तेच हे लोक. बोली मराठी, लुगडे नेसण्याची तऱ्हा मराठी, आणि देव मात्र एकच, निराकार. येशू ख्रिस्त जन्माने यहुदी होते व त्यांचे पहिले शिष्यही यहुदीच होते. त्यामुळे ख्रिस्ती उपासनेचा पाया अशाच सभास्थानात घातला गेला. शास्त्रातील वेचे वाचावयाचे, त्यांवर कोणी जाणत्याने निरूपण करावयाचे, दाविद राजाच्या नावाशी जोडलेली स्तोत्रे म्हणावयाची, आणि सर्वांनी मिळून प्रार्थना करावयाची, हा क्रम तेथलाच. ही स्तोत्रे एकूण 150 आहेत. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये ती हिब्रूत म्हटली जातात, ख्रिस्ती देवळात मराठीत, मूळ एकच.

या क्रमाला ख्रिस्ती लोकांनी एक गोष्ट जोडली. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून सर्वांना दिली आणि द्राक्षारसाचा पेला फिरविला. त्याची आठवण म्हणून एकत्र जमून भाकर मोडणे हे उपासनेचे हृदय ठरले. आणि शनिवारऐवजी रविवार धरला गेला, कारण येशू मरणातून उठला तो रविवारी पहाटे, अशी त्यांची श्रद्धा आहे. (आपल्याकडे रविवारच्या सुट्टीची सवय इंग्रजी अंमलाने लावली; परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. रविवार हा खंडोबाचाही वार आहेच.)

या आरंभीच्या काळाची एक साक्ष फार मोलाची आहे, कारण ती ख्रिस्ती माणसाची नाही. इसवी सन 112 च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी आजच्या तुर्कस्तानातील एका प्रांताचा कारभार पाहात होता. ख्रिस्ती लोकांचे करावयाचे काय, असे त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने त्याचे स्तोत्र गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, असे त्याला आढळले. खात्री करून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. या दासींना त्यांच्या मंडळीत 'सेविका' म्हणत, असे तो लिहितो. त्या दोघींची नावे त्याने नोंदविली नाहीत. आळीपाळीने गाणे म्हणजे एका बाजूने एक चरण म्हणावयाचा, दुसऱ्या बाजूने पुढचा. आपल्या भजनात दोन ओळी समोरासमोर उभ्या राहून टाळ धरतात, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहात नाही.

पुढे सुमारे 155 साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोममधील रविवारचे वर्णन केले आहे. वाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, भाकर व पेला, जे आजारी असतील त्यांच्याकडे त्यातील वाटा घरपोच पाठविणे, आणि शेवटी वर्गणी. ती विधवा, अनाथ, बंदिवान व परगावचे पाहुणे यांच्यासाठी. आज पनवेलला किंवा नगरला कोणत्याही ख्रिस्ती देवळात गेले तरी थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसेल. जवळजवळ एकोणीसशे वर्षे टिकलेला हा सांगाडा आहे. बदलत गेली ती भाषा, आणि भाषेवरून माणसे भांडत आली.

पश्चिम युरोपात लॅटिन ही उपासनेची भाषा झाली आणि लोकांच्या बोली बदलल्या तरी लॅटिन राहिली. सामान्य बाईने देवळात जावे, घंटा वाजली की गुडघे टेकावेत, जपमाळ ओढावी. वेदीपाशी पुरोहित काय म्हणतो ते तिला कळावयाचे नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने 1526 साली जर्मन भाषेतील उपासनाक्रम काढला आणि लोकांच्या तोंडी बसतील अशी गीते स्वतः रचली. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कॅथलिक मंडळीने लॅटिनची गाठ अधिकच घट्ट केली. आपल्याकडे पोर्तुगीज आले ते या भांडणाच्या ऐन धुमाळीत, आणि ते लॅटिनच्या बाजूचे होते.

आपला रायगड, म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा, या इतिहासाचा साक्षीदार आहे. रेवदंड्याच्या कोटात फिरून आलेल्या भगिनींना तेथील पडक्या देवळांच्या भिंती आणि तो उंच मनोरा आठवत असेल. चौल हे पोर्तुगीजांचे मोठे ठाणे होते, वसई त्याहून मोठे. गोव्यात तर सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, जुन्या पोथ्या बाळगण्यास बंदी झाली. ज्यांनी धर्म बदलला, मग तो मनापासून असो की धाकाने, त्यांच्या कानातून पुराण गेले. संध्याकाळी अंगणात बसून कथा ऐकण्याची शेकडो वर्षांची सवय. तिचे काय करावयाचे? लॅटिन मिस्सेने ती भूक भागणार नव्हती.

ही भूक ज्याला कळली तो एक इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे तेथेच राहून 1619 साली वारले. साष्टी भागात ख्रिस्ती झालेल्या लोकांमध्ये राहून ते मराठी आणि कोकणी शिकले. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण द्या, अशी मागणी एका ब्राह्मण नवख्रिस्त्याने केल्याचा प्रसंग त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. हा ग्रंथ म्हणजे 1616 साली राचोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण. सुमारे अकरा हजार ओव्या! जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाने सांगितलेली आहे. त्यातील मराठी भाषेची स्तुती आपण शाळेत वाचलेली असते, पण ती करणारा कवी ती स्तुती देवळात ऐकल्या जाणाऱ्या पुराणात घालीत होता, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते त्या ओव्यांचे खरे मोल तेच आहे. जेथे लॅटिनशिवाय दुसऱ्या भाषेला वेदीजवळ जागा नव्हती, तेथे या माणसाने मराठीला निदान देवळाच्या मंडपात तरी आणून बसविले.

देवनागरीचे खिळे पाडणे तेव्हा गोव्यात साधले नव्हते, म्हणून ही सारी मराठी रोमन लिपीत छापावी लागली. 1649 व 1654 साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्हीपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांवरून 1907 साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले, आणि देवनागरीत ते आपल्या हाती आले 1956 साली, प्राध्यापक शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने. छापील प्रती नाहीशा झाल्या आणि हस्तलिखिते राहिली, याचा अर्थ घराघरांतून ते वाचले जात होते, उतरले जात होते.

पण राज्यकर्त्यांना हे फार काळ रुचले नाही. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकुमाने बोली मरत नाही, हे खरे. स्वयंपाकघरात कोण पाहावयास येतो? परंतु मराठीतून असा ग्रंथ लिहिणारे पाद्री त्यानंतर निपजले नाहीत. स्टीफन्सने उघडलेले दार बंद झाले.

1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिकडच्या देवळांतील घंटा मराठ्यांनी आणून आपल्या देवांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आपल्या सर्वांच्या बोलण्यातली. तिच्यावर 1721 हे साल कोरलेले आहे. भीमाशंकरलाही तशीच घंटा आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ते एका ख्रिस्ती देवळाच्या घंटेवरून, हे ऐकून मला स्वतःला मोठी गंमत वाटली होती. वसईचे ख्रिस्ती मात्र राज्य गेले तरी तेथेच राहिले, शेती-वाडी करीत, आपल्या बोलीत लग्नाची गाणी म्हणत. आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात तर एक आश्चर्यच आहे. तेथील ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलते. पोर्तुगीज गेले 1740 साली, बोली राहिली. उपासना मात्र तेथे आता मराठीतून होते. ती कशी होऊ लागली, ते पुढे येईल.

मध्ये एक शतक गेले. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. हे ल्यूथरच्या बाजूचे, म्हणजे लोकांच्या भाषेतच शास्त्र वाचले पाहिजे असे मानणारे. 1826 पर्यंत त्यांनी नवा करार मराठीत छापला. 1831 साली त्यांचे ठाणे अहमदनगरास झाले. मुंबईहून घाटावर जावयाचे तर त्या काळी होडीने पनवेल बंदर गाठावयाचे आणि तेथून गाडीरस्त्याने बोरघाट चढावयाचा. पाद्र्यांपासून पलटणीपर्यंत सर्वांची वाट आपल्या गावावरूनच जाई.

भाषेचा प्रश्न त्यांनी सोडविला, पण चालीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्यांनी आपल्याकडची इंग्रजी गीते मराठीत उतरविली आणि त्यांच्याच चालींवर बसविली. ज्यांनी अशी गीते ऐकली असतील त्यांना यातील अडचण सांगावयास नको. इंग्रजी चालीचा जोर जेथे पडतो तेथे मराठी शब्दाचे लघु अक्षर येते. मग 'देव' चा 'देवा' होतो, क्रियापद वाक्याच्या मध्येच उपटते, आणि शेवटचा स्वर ताणून ताणून शब्दाचा अर्थच हरवतो. यापेक्षाही मोठी अडचण दुसरीच. इंग्रजी पद्धतीचे गीत चार-पाच कडव्यांचे, प्रत्येक कडव्याचे शब्द निराळे, आणि सर्वांनी पहिल्या अक्षरापासून एकदम म्हणावयाचे. म्हणजे हातात पुस्तक पाहिजे आणि पुस्तक वाचता आले पाहिजे. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेले लोक बहुतेक महार-मांग समाजाचे. त्यांच्यातील बायकांना कुठले वाचावयास येत होते? लॅटिनमुळे जी बाई मुकी होती, ती छापील मराठी गीतामुळेही मुकीच राहिली.

भजनाचे तसे नसते. ध्रुपद सर्वांचे, कडवे एकाचे. पुढे एक जाणता म्हणतो, मागे सारे तेच ध्रुपद धरतात. दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा तोंडात बसते. डोळ्यांची गरजच नाही, कान पुरे. संतांनी ही युक्ती पाचसहाशे वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवली होती, आणि जात्यावरच्या ओवीने ती घराघरात पोचविली होती. नगरकडील कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती ख्रिस्ती मंडळीत आणली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये अभंग, साकी, दिंडी, सारे काही रीतसर, आणि आख्यान मात्र येशूच्या चरित्रातले. रात्री गावच्या चावडीपुढे कीर्तन लागले की ख्रिस्ती नसलेलेही घोंगडी घेऊन येऊन बसत. कीर्तनाचा हा वारा आपल्या बेने इस्रायल बंधूंनाही लागला. 1880 च्या सुमारास त्यांनीही आपल्या कीर्तन मंडळ्या काढल्या आणि अब्राहाम, मोशे, दाविद यांची आख्याने मराठी कीर्तनातून रंगविली. तीन धर्मांच्या लोकांनी एकच चिपळी हाती धरावी, असे उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

यानंतर आले नारायण वामन टिळक. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्म, चित्पावन ब्राह्मण घराणे, अंगी कवित्व आणि पायाला भिंगरी. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरास अमेरिकन मिशनबरोबर काम केले. त्यांनी उपासनेसाठी शेकड्याने पदे रचली; मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात आजही त्यांचाच ठसा मोठा आहे. सांगळ्यांनी कीर्तन आणले, पण कीर्तन देवळाबाहेरचे. टिळकांची भजने रविवारच्या उपासनेच्या गाभ्यात गेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा भाव टिळक बोलून दाखवीत, आणि त्यांची भजने वाचताना ते पटते. देवाला आई म्हणून हाक मारण्याची आपली रीत त्यांनी ख्रिस्ताच्या बाबतीत चालू ठेवली. युरोपातील गीतांत हा लळा मला फारसा आढळला नाही.

आमच्या भजनी वर्गात एक ख्रिस्ती भगिनी येतात. माहेर नगरकडचे. त्यांच्याबरोबर मी एकदा रविवारी उपासनेस गेले होते. आरंभी पाळकांनी शास्त्रातील वचन म्हणून सर्वांना उपासनेस बोलाविले, मग गीत, मग पापांची कबुली, तीही सर्वांनी मिळून मोठ्याने. जुन्या करारातील एक वेचा व नव्या करारातील एक वेचा वाचला गेला. एक वाचला कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. नंतर उपदेश, त्यानंतर दानाची पिशवी फिरली, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना झाली आणि येशूने शिकविलेली प्रार्थना सर्वांनी एका सुरात म्हटली. पेटी आणि तबला होता. शेजारच्या एक वृद्ध बाई पुस्तक न उघडताच प्रत्येक कडवे म्हणत होत्या, डोळे मिटून. नंतर कळले की त्यांना अक्षरओळख नाही, आणि शंभरावर भजने तोंडपाठ आहेत. त्यांच्या आजीला सासूने जात्यावर शिकविलेली, अशी त्यांतील काही.

त्या दिवशी महिन्यातील पहिला रविवार असल्याने प्रभुभोजनही होते. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाच्या लहान पेल्या. आता आरोग्याच्या दृष्टीने पुष्कळ ठिकाणी अशा निरनिराळ्या पेल्या असतात. पूर्वी एकच मोठा पेला सर्वांच्या ओठांना लागत असे. या पेल्याविषयी चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत. चालीच्या बाबतीत मिशनने आपल्या लोकांचे ऐकले, पण पेल्याच्या बाबतीत ऐकले नाही. दक्षिणेत तमिळ मुलखात जुन्या मिशनांनी देवळात जातवार बसावयाची मुभा ठेवली होती, आणि कित्येक ठिकाणी वरच्या जातींना पेला आधी मिळे; 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे बंद करण्याचा आदेश दिला तेव्हा शेकडो माणसे देवळातून उठून गेली. गोव्यात तर देवळातील मानकऱ्यांच्या मंडळ्या जातीनुसारच राहिल्या. नगरच्या मिशनने मात्र आरंभापासून आग्रह धरला की ब्राह्मण असो, महार असो, भाकर एक आणि पेला एक. जातीचा पीळ एवढ्याने गेला असे मी म्हणणार नाही. सोयरिकी जुळविताना तो ख्रिस्ती घरांतही वर डोके काढतो, हे त्यांच्यातीलच लोक सांगतात. पण ज्या काळात विहिरीवर पाणी वरून ओतले जात होते, त्या काळात महिन्यातून एकदा एका पेल्याला ओठ लावावयाचे, ही गोष्ट लहान नव्हती.

ती किती अवघड होती हे लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवले आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सोवळ्यातील बाई. पाच वर्षे त्यांची घालमेल चालली होती. पाण्याचा विटाळ मनातून कसा गळून पडला, त्याची हकिकत 'स्मृतिचित्रे'त मुळातूनच वाचावी. मी सांगून तिची गोडी घालविणार नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अर्धवट राहिले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झालेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काव्य पुरे केले. लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेली ही बाई. स्टीफन्सच्या पुराणानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा मराठीत ख्रिस्ताची कथा ओवीत आली, आणि ती बव्हंशी एका स्त्रीने लिहिली. टिळकांचे नाव झाले. या कामाचे श्रेय लक्ष्मीबाईंना जितके द्यावयास हवे तितके अजूनही दिले जात नाही, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा होता. 1883 साली विलायतेत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथेच क्रॉसवरील अक्षरांवरून त्यांचा आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रव्यवहारात वाद झाला. लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशाची संस्कृत का नको, असे त्यांचे म्हणणे. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली गोळा झाल्या, तेव्हा मात्र त्यांना संस्कृतही नको झाली. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते आणि केडगावच्या मुलींना ते कळत नव्हते. संस्कृत विदुषी म्हणून जिला 'पंडिता' पदवी मिळाली, तिने हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे अगदी साध्या मराठीत भाषांतर केले. अठरा वर्षांच्या आसपास हे काम चालले होते. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 साली ते बायबल बाहेर पडले. भाषांतर म्हणून पंडितांना त्यात दोष दिसतात. शब्द कोठे कोठे फार ओबडधोबड आहे, हे मलाही जाणवते. पण ते ज्यांच्यासाठी होते त्यांना ते कळले.

कॅथलिक मंडळीत हा बदल येण्यास 1963 साल उजाडावे लागले. रोम येथील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षीच्या 4 डिसेंबरला उपासनेविषयीचा ठराव मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीजवळ वाट मोकळी झाली. पुरोहित आतापर्यंत लोकांकडे पाठ करून मिस्सा म्हणत असे, तो लोकांकडे तोंड करून उभा राहिला. वसईत, कोर्लईत, मुंबईच्या उपनगरांत मराठी मिस्सा सुरू झाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' 2010 साली निघाले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2024 साली ते वारले.

स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हे आपल्या मंडळाने विचारणे साहजिक आहे. उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1970 च्या नोव्हेंबरात नागपूर येथे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. महाराष्ट्रातील पुष्कळ मराठी मंडळ्या तिच्यात आहेत, आणि तिच्यात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथलिक मंडळीत स्त्री पुरोहित होत नाही. शास्त्रवाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर मिळू लागली ती 2021 पासून. त्या दोन रोमन काळातील सेविकांना हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे!

आज पनवेलच्या आसपास वस्ती अफाट वाढली आहे. जुन्या गावाच्या मानाने नवीन पनवेल, खांदा वसाहत, कामोठे, खारघर हा पसाराच निराळा. तेथे ख्रिस्ती उपासना मराठीतून होते तशी इंग्रजी, मल्याळम, तमिळ, तेलुगू, हिंदी भाषांतूनही होते. मराठी ख्रिस्ती घरांतील मुले इंग्रजी शाळांत जातात आणि त्यांना इंग्रजी उपासना अधिक सोपी पडते. आपल्या घरांतील मुलांचे हरिपाठाशी जे झाले आहे त्याहून हे निराळे नाही. पुष्कळ ठिकाणी आता भिंतीवरच्या पडद्यावर गीताचे शब्द येतात. देवनागरी न वाचणाऱ्या मुलांसाठी टिळकांची भजने तेथे रोमन अक्षरांत लिहिलेली असतात. राचोलला 1616 साली ख्रिस्तपुराण छापले गेले तेही याच अक्षरांत.